लघवी गळण्याचा त्रास: ऑपरेशनशिवाय काय काय करता येतं? भगिनींसाठी सविस्तर माहिती

बडनेऱ्याहून अमरावतीला जायचं म्हटलं तर ऑटोने जेमतेम अर्धा तास. पण आपल्या घरांत अशा कितीतरी बायका आहेत ज्या हा अर्ध्या तासाचा रस्तासुद्धा टाळतात. लग्नाला गेल्या तर बाथरूमच्या जवळची जागा धरून बसतात. रेल्वेने जायचं असेल तर आदल्या रात्रीपासून पाणी बंद करतात. जोरात हसू आलं की तोंडावर पदर आणि पाय एकमेकांवर. नमाजला उभं राहिलं की मनात एकच धास्ती, सजद्यात खोकला आला तर? विचारलं तर उत्तर ठरलेलं: "क्या बताऊं बाई, शरम आती." नाहीतर, "आता वय झालं, चालायचंच."

आम्हाला या लेखात एवढंच सांगायचं आहे की हे "चालायचंच" नाही. लघवी गळणं हा आजार आहे, त्याला कारणं आहेत आणि बहुतेक बायकांना चिरफाड न करता यात चांगला फरक पडू शकतो. मात्र त्यासाठी दोन गोष्टी लागतात. आपला त्रास नेमका कोणत्या प्रकारचा आहे हे ओळखणं, आणि उपाय किमान तीन महिने नेटाने करणं.

गप्प बसण्याची सवय जुनी आहे

आपल्याच विदर्भातलं एक उदाहरण पाहा. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. तो अभ्यास जानेवारी १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग होता, पण त्याआधी तपासणी आणि उपचार घेतलेल्या होत्या फक्त ८ टक्के. हा अभ्यास लघवी गळण्याबद्दल नव्हता, सगळ्याच स्त्रीरोगांबद्दल होता. पण दुखणं असतं आणि सांगितलं जात नाही, ही गोष्ट त्याने जगासमोर आणली. लघवीच्या त्रासाचं तर त्याहून अवघड. त्यात लाज आहे, वास येईल ही भीती आहे, आणि आपल्या घरांत पाकीचा प्रश्नही आहे.

शरीरात नेमकं काय बिघडतं?

लघवीची पिशवी म्हणजे मूत्राशय. त्यात साधारण ४०० ते ५०० मिलिलीटर लघवी मावते. पिशवीचं तोंड बंद ठेवायला एक झडप असते. पिशवी, गर्भाशय आणि गुदद्वार या सगळ्यांना खालून आधार देणारा स्नायूंचा एक झोळणा असतो. पुढच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत तो पसरलेला असतो. डॉक्टर त्याला पेल्विक फ्लोअर म्हणतात, आपण ओटीपोटाचा तळ म्हणू.

बाळंतपणात हा झोळणा ताणला जातो. पाळी गेल्यावर तिथली त्वचा आणि स्नायू सैल व कोरडे पडतात. वाढलेलं वजन, जुना खोकला, कायमची बद्धकोष्ठता, पाण्याच्या गुंड्या आणि जड ओझी उचलणं यांचा भार सतत त्याच्यावर पडतो. शिवाय मधुमेह, लघवीतला जंतुसंसर्ग आणि रक्तदाबासाठी दिलेल्या लघवी वाढवणाऱ्या गोळ्या यांमुळेही त्रास सुरू होतो किंवा वाढतो.

आधी प्रकार ओळखा

उपाय प्रकारावर ठरतो, म्हणून हा भाग नीट वाचा.

पहिला प्रकार दाबाचा. खोकलं, शिंकलं, हसलं, कळशी उचलली की थोडी लघवी निसटते. आधी घाई लागत नाही. इथे झोळणा आणि झडप कमजोर असते.

दुसरा प्रकार घाईचा. अचानक जोरात लागते आणि बाथरूमपर्यंत पोचायच्या आत कपडे ओले होतात. कुलपात किल्ली घालताना किंवा नळाचा आवाज ऐकताच लागते. रात्रीही दोन-तीनदा उठावं लागतं. इथे पिशवी भरायच्या आतच आवळू लागते.

तिसरा प्रकार मिश्र, म्हणजे दोन्ही थोडं थोडं. अशा वेळी ज्याचा त्रास जास्त त्याचा इलाज आधी.

चौथा प्रकार पिशवी पूर्ण रिकामी न होण्याचा. लघवी साचते आणि थेंब थेंब गळत राहते. जुन्या मधुमेहात असं होऊ शकतं.

पाचवी अवस्था मात्र वेगळी आहे. अडलेल्या बाळंतपणानंतर किंवा गर्भाशयाच्या ऑपरेशननंतर रात्रंदिवस, झोपेतसुद्धा लघवी सारखी वाहत असेल, तर पिशवी आणि योनीमार्ग यांच्यामध्ये छिद्र पडलेलं असू शकतं. त्याला फिस्टुला म्हणतात. तो व्यायामाने बरा होत नाही. अशा भगिनीने थेट तज्ज्ञ डॉक्टरांकडे जावं, आणि घरच्यांनी तिला दूर ठेवू नये.

आधी तपासणी, मग उपाय

डॉक्टर लघवीची आणि साखरेची तपासणी करतील. खोकायला लावून पाहतील. अंग बाहेर येतं का, तेही बघतील. सुरुवातीला महागड्या मशीनच्या तपासण्या बहुतेकींना लागत नाहीत.

तुम्ही घरून एक गोष्ट तयार करून न्या: तीन दिवसांची नोंद. किती वाजता काय प्यायलं, किती वाजता लघवीला गेलं, मापाच्या भांड्यात किती झाली, कधी गळली आणि त्या वेळी काय करत होतो. लिहिता येत नसेल तर मुलीकडून किंवा सुनेकडून लिहून घ्या. हा एक कागद डॉक्टरांना अर्धी गोष्ट सांगून जातो.

लघवीत रक्त दिसत असेल, लघवी अडकत असेल किंवा ओटीपोटात गाठ लागत असेल तर लगेच डॉक्टर गाठा. पाय बधिर होऊन लघवी-संडासवरचा ताबा अचानक गेला असेल तर त्याच दिवशी दवाखान्यात जा. तिथे घरगुती उपाय करत बसू नका.

मुख्य उपाय: ओटीपोटाच्या तळाचा व्यायाम

अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. अर्नोल्ड केगल यांनी १९४८ मध्ये या व्यायामावर लेख लिहिला, म्हणून याला केगल व्यायाम म्हणतात. तेव्हापासून यावर जगभर अभ्यास झाले. २०१८ मध्ये कॉक्रेन संस्थेने ३१ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. दाबाच्या प्रकारात हा व्यायाम करणाऱ्या १०० पैकी ५६ बायकांनी आपण बरं झाल्याचं सांगितलं. ज्यांनी काहीच केलं नाही किंवा नावापुरता उपाय केला त्यांच्यात हे प्रमाण १०० पैकी ६ होतं. ना चिरा, ना गोळी, ना खर्च.

व्यायाम असा करायचा:

१. आधी लघवी करून या. पाठीवर झोपा आणि गुडघे वाकवा. पुढे सवय झाली की बसून, उभ्यानेही जमतं.

२. वारा सरायचा आहे पण चारचौघांत थांबवायचा आहे, असं समजून मागची जागा आत-वर ओढा. त्याच वेळी लघवी रोखल्यासारखं पुढेही आवळा. आत काहीतरी वर उचलल्यासारखं वाटलं की स्नायू सापडला.

३. आवळून मनात पाचपर्यंत मोजा, मग सोडा. तेवढाच वेळ पूर्ण सैल राहू द्या. सोडणंही आवळण्याइतकंच महत्त्वाचं आहे. हळूहळू दहापर्यंत न्या.

४. एका वेळी किमान ८ वेळा, दिवसातून किमान ३ वेळा. शेवटी चार-पाचदा पटकन आवळून पटकन सोडायचं.

५. निदान तीन महिने. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत फरक दिसत नाही, आणि नेमक्या इथेच बहुतेक जणी सोडून देतात.

चुका कुठे होतात? श्वास रोखला जातो, पोट किंवा मांड्या आवळल्या जातात, आणि सगळ्यात वाईट म्हणजे खाली जोर दिला जातो. जोर दिला तर फायद्याऐवजी नुकसान. रोज लघवी करता करता धार तोडून हा व्यायाम करणंही बरोबर नाही. स्नायू ओळखायला एखाद्या वेळी ठीक, पण सवय लागली तर पिशवी पूर्ण रिकामी होत नाही. स्नायू सापडतच नसेल तर लाजू नका, महिला डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टकडून एकदा शिकून घ्या. शिकवून, मधून मधून तपासून केलेल्या व्यायामाचा फायदा एकटीने केलेल्यापेक्षा जास्त असतो.

आठवण राहत नाही ही सगळ्यांची तक्रार. आमच्या भगिनींकडे दिवसाचे पाच वेळ ठरलेलेच आहेत. नमाज झाली की मुसल्ल्यावर बसल्या बसल्या एक फेरी करा. पाळीच्या दिवसांत नमाज नसते, व्यायाम मात्र चालू ठेवा. नमाजचं उठणं-बसणं हाच व्यायाम झाला असं मात्र समजू नका. हे स्नायू वेगळे आवळावेच लागतात.

एक युक्ती लगेच कामी येते. खोकला किंवा शिंक येतेय असं वाटलं, कळशी उचलायची असेल, सजद्यातून उठायचं असेल, तर त्याच्या क्षणभर आधी आवळा. हा "आधी आवळ, मग खोकल" सराव पक्का झाला की थेंब थांबायला लागतात.

गरोदर भगिनींनी हा व्यायाम सुरुवातीपासून केला तर पुढे लघवी गळण्याचा धोका कमी होतो. बाळंतपणानंतर टाके आणि दुखणं पाहून डॉक्टर किंवा नर्सला विचारून हळूहळू सुरू करा.

घाईच्या प्रकारात: पिशवीला शिस्त

घाई लागली की पळायचं, आणि लागायच्या आधीच "जाऊन येते" म्हणायचं, यामुळे पिशवीला थोड्यातच रिकामं व्हायची सवय लागते. ती सवय मोडायची असते.

तुमच्या नोंदीत दोन वेळांमधलं अंतर पाहा. समजा दर तासाला जावं लागतं. मग पहिला आठवडा घड्याळ लावून सव्वा तासानेच जायचं. जमलं की पुढच्या आठवड्यात दीड तास. असं करत तीन-चार तासांपर्यंत न्यायचं. मधेच जोराची लागली तर धावायचं नाही. जिथे असाल तिथे बसा किंवा उभं राहा, चार-पाचदा पटपट आवळा, लांब श्वास घ्या, मन दुसरीकडे न्या. लाट ओसरली की शांतपणे चालत जा. याला किमान सहा आठवडे द्या.

पाणी तोडू नका

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ पर्यंत जातो. अशा उन्हात पाणी बंद करणं म्हणजे एक दुखणं झाकायला दुसरं ओढवून घेणं. लघवी घट्ट झाली की पिशवीला जळजळ होते, घाई वाढते, संसर्ग होतो आणि बद्धकोष्ठता होते. पाणी पुरेसं प्या, फक्त विभागून प्या. झोपण्याच्या दोन तास आधी कमी करा.

चहा मात्र कमी करा. चहा, कॉफी आणि कोल्ड्रिंकमधलं कॅफीन घाई वाढवतं. दिवसाला सहा कप होत असतील तर दोनवर आणा. रमजानमध्ये सहरीला कडक चहाऐवजी पाणी, दूध किंवा ताक घ्या. इफ्तारपासून सहरीपर्यंत पाणी थोडं थोडं करून प्या, एकदम दोन तांबे नको.

वजनाचं म्हणाल तर २००९ साली अमेरिकेत ३३८ जाड स्त्रियांवर झालेला अभ्यास सांगण्यासारखा आहे. ज्यांनी सहा महिन्यांत सरासरी ८ टक्के वजन उतरवलं त्यांचं आठवड्यातलं गळणं ४७ टक्क्यांनी कमी झालं. ज्यांना फक्त माहिती दिली गेली त्यांचं २८ टक्क्यांनी. ८० किलोच्या बाईसाठी ८ टक्के म्हणजे साधारण साडेसहा किलो.

संडासला कुंथावं लागत असेल तर भाकरी, पालेभाजी, फळं वाढवा. चुलीच्या धुराने, तंबाखूने किंवा दम्याने खोकला असेल तर आधी त्याचा इलाज करा. साखर ताब्यात ठेवा. म्हाताऱ्या अम्मी-दादीसाठी तर बाथरूमपर्यंतचा रस्ता मोकळा असणं, रात्री दिवा असणं आणि उठायला धरायची दांडी असणं हाही उपचारच आहे.

गोळ्या, मलम, रिंग

व्यायाम आणि शिस्त करूनही घाईचा त्रास उरला तर डॉक्टर गोळ्या देतात. ऑक्सिब्युटिनिन, टॉल्टेरोडिन, सॉलिफेनासिन ही त्यातली नावं. यांनी तोंडाला कोरड पडते, बद्धकोष्ठता होते. वयस्कर व्यक्तींना गोंधळल्यासारखं होऊ शकतं. काचबिंदू असेल तर आधी सांगा. मिराबेग्रॉन ही वेगळ्या प्रकारची गोळी आहे. तिच्याने कोरड कमी पडते, पण रक्तदाब फार वाढलेला असेल तर ती चालत नाही. परिणाम कळायला साधारण चार आठवडे लागतात. या गोळ्या घाईच्या प्रकारासाठी आहेत. खोकल्यावर गळणाऱ्या लघवीला त्यांचा उपयोग नाही, म्हणून शेजारणीची चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून आणू नका.

पाळी गेलेल्या बायकांना आतून कोरडेपणा असेल तर इस्ट्रोजेनचं मलम योनीत लावायला देतात. त्याने घाई कमी होते. स्तनाचा कर्करोग झालेला असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा.

अंग बाहेर येत असेल किंवा दाबाचा त्रास असेल तर सिलिकॉनची रिंग योनीत बसवता येते. तिला पेसरी म्हणतात. डॉक्टर मापाप्रमाणे बसवतात, काढून धुता येते. ज्यांना ऑपरेशन झेपणार नाही किंवा अजून मूल हवं आहे त्यांना ती सोयीची.

घोट्याजवळच्या नसेला सुईतून हलका विजेचा झटका देण्याचा उपचारही घाईसाठी आहे. आठवड्यातून एकदा अर्धा तास, असे साधारण १२ आठवडे. तो मोठ्या शहरांतल्या निवडक रुग्णालयांतच मिळतो.

यापासून सावध राहा

"लेझरने एका बैठकीत बरं" अशा जाहिराती मोबाईलवर रोज येतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जुलै २०१८ मध्ये अशा योनीच्या लेझर उपचारांबद्दल जाहीर इशारा दिला होता. लघवी गळण्यासाठी त्यांची सुरक्षितता आणि उपयोग सिद्ध झालेला नाही, आणि भाजण्याचे, व्रण पडण्याचे प्रकार घडले आहेत, असं त्यात होतं.

दुसरी गोष्ट, गर्भाशय काढल्याने लघवी गळणं थांबत नाही. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला आणि सरकारला समिती नेमावी लागली. "पिशवी काढून टाका" असं कुणी सांगितलं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतल्याशिवाय हो म्हणू नका. लघवी गळण्यासाठीची ऑपरेशनं वेगळी आहेत. तीन महिने नीट व्यायाम करूनही फरक नसेल तर त्यांचा विचार जरूर करावा. ऑपरेशन वाईट नाही, फक्त ती पहिली पायरी नाही.

नमाजचं काय?

हा प्रश्न बायका डॉक्टरांना विचारत नाहीत आणि मौलानांनाही विचारत नाहीत. मग काही जणी नमाजच सोडून देतात, काही दिवसातून दहा-दहा वेळा कपडे बदलून थकून जातात.

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे फातिमा बिन्त अबी हुबैश (रजि.) यांनी आपल्या सततच्या रक्तस्रावाबद्दल स्वतः येऊन विचारलं होतं. त्यांना नमाज सोडायला नाही, तर प्रत्येक नमाजसाठी वुजू करून अदा करायला सांगितलं गेलं. उलमांनी हाच नियम लघवी न थांबणाऱ्यांनाही लावला. हनफी मसलकाप्रमाणे एका नमाजच्या पूर्ण वेळेत वुजू करून फर्ज अदा करण्याइतकीही उसंत मिळाली नाही, तर ती व्यक्ती "माजूर" ठरते. पुढे प्रत्येक नमाजच्या वेळेत एकदा जरी गळली तरी ही सवलत कायम राहते. अशा व्यक्तीने प्रत्येक वेळेसाठी एक वुजू करायचा. त्या वेळेत लघवी गळली तरी त्यामुळे तो वुजू तुटत नाही, वेळ संपली की संपतो. ज्यांची फक्त खोकल्यावर कधीतरी गळते त्या माजूर नाहीत. त्यांनी पाकी करून पुन्हा वुजू करायचा. पॅड किंवा स्वच्छ कापडाची घडी वापरता येते. आपल्या बाबतीत नेमकं काय लागू होतं ते जवळच्या आलिम किंवा आलिमा यांना विचारून घ्या. सवलत आहे म्हणून इलाज मात्र थांबवू नका.

बडनेरा-अमरावतीच्या भगिनींनी कुठे जावं?

सुरुवात जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रातून किंवा आशाताईंपासून करा. अमरावतीत जिल्हा स्त्री रुग्णालय आहे, ज्याला सगळे डफरीन म्हणतात. अकोल्याच्या बाजूच्या भगिनींसाठी तिथलं जिल्हा स्त्री रुग्णालय आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. महिला डॉक्टरच हव्यात असं खिडकीवर मोकळेपणाने सांगा. आत गेल्यावर "कमजोरी आहे" असं मोघम बोलू नका. "खोकल्यावर लघवी निसटते" किंवा "घाई लागली की थांबत नाही", हे एक वाक्य नीट सांगितलं तरी डॉक्टरांना दिशा मिळते.

शेवटची विनंती घरातल्या पुरुषांना. अम्मी लग्नाला यायला नाही म्हणत असेल, बेगम प्रवास टाळत असेल, दादी पाणी पीत नसेल, तर चिडू नका, वासावरून बोलू नका. गाडी मधे थांबवा, दवाखान्यात सोबत जा, आणि हा लेख घरातल्या बायकांपर्यंत पोचवा. तीन महिन्यांच्या व्यायामाने एखादी अम्मी निर्धास्तपणे सजदा करू लागली आणि बडनेऱ्याहून नातवाला भेटायला रेल्वेत बसली, तर आमचं हे लिहिणं कामी आलं असं आम्ही समजू.